लाईन कोणी थांबवायची?

कारखान्याच्या फ्लोअरवर प्रत्येकाच्या हातात काहीतरी असतं. फिटरकडे पान्यांची पेटी, ऑपरेटरसमोर पॅनल, क्वालिटीच्या मुलीपुढे वजनकाटा, साफसफाईच्या मावशींकडे मॉप. शिफ्ट ऑफिसरच्या हातात वही आणि फोन. रुजू झाल्यावर कितीतरी दिवस मला एकच प्रश्न छळत होता: इथे माझं काम नेमकं काय? मशीन मी चालवत नव्हते, दुरुस्तही करत नव्हते. माल तपासायला वेगळी माणसं होती, गाडीत भरायला वेगळी. तरी शिफ्ट संपताना किती माल निघाला, कमी का निघाला आणि कोणाला लागलं-खुपलं तर नाही ना, या सगळ्याचा जाब मला विचारला जाणार होता.

कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून मी मेकॅनिकल केलं. रोजच्या वापराच्या वस्तू बनवणाऱ्या एका बड्या कंपनीत प्रॉडक्शनसाठी ट्रेनी म्हणून निवड झाली तेव्हा घरी पेढे वाटले गेले. आजीने मात्र विचारलं, ‘साबण करायला इंजिनिअर कशाला लागतो गं?’ मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

सुरुवातीचे काही आठवडे मुंबईच्या मुख्य कार्यालयात सादरीकरणं पाहण्यात गेले. मग सेल्समनबरोबर बाजारात पाठवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका किराणा दुकानात मालकांनी फळीवरून एक वडी काढली, वेष्टन सोडलं आणि माझ्या हातात ठेवली. वडीच्या कडेला नखाएवढा तडा. ‘ताई, गिऱ्हाईक परत आणून देतंय. तुमच्या साहेबांना सांगा,’ म्हणाले. त्यांच्या लेखी कंपनी म्हणजे समोर उभी असलेली मी. तो तडा कुठे जन्मतो ते मला फॅक्टरीत गेल्यावर कळलं.

फॅक्टरी पुणे जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत. मला अंगाच्या साबणाच्या लाईनवर टाकलं. तेलापासून साबण होण्याचं रसायन तिथे घडत नव्हतं. ते दुसरीकडे उरकून साबण ‘नूडल्स’च्या रूपात मोठाल्या पोत्यांतून यायचा, पांढऱ्या आखूड कांड्यांसारखा. मिक्सरमध्ये त्यात सुगंध, रंग, टायटॅनियम डायऑक्साइड आणि इतर थोडंबहुत मिसळायचं. मग तो रोल मिलमधून जायचा. वेगवेगळ्या गतीने फिरणाऱ्या रुळांत दळून त्याच्या पातळ पापड्या निघायच्या. त्या पडायच्या प्लॉडरमध्ये. प्लॉडर म्हणजे अवाढव्य सोऱ्याच. आत मळसूत्र फिरतं, मधल्या कप्प्यातून व्हॅक्यूमने हवा काढून घेतली जाते आणि तोंडातून साबणाचा अखंड दांडा बाहेर पडत राहतो. कटर त्याचे तुकडे करतो, स्टॅम्पर त्यावर कंपनीचा ठसा उमटवतो, रॅपर वेष्टन चढवतो आणि शेवटी बॉक्स भरतात. आमच्या लाईनचा वेग मिनिटाला ३०० वड्या होता. पहिल्यांदा रॅपरसमोर उभी राहिले तेव्हा एक वडी नजरेने धरून तिच्याबरोबर शेवटपर्यंत जायचं ठरवलं. दरवेळी नजर तिला हरवून बसायची.

हे सगळं आकृती काढून शिकता येतं. आकृतीत न येणारी गोष्ट म्हणजे साबणाचा स्वभाव. प्लॉडरमधून निघताना साबण थोडा जास्त गरम असला की मऊ पडतो, स्टॅम्परच्या डायला चिकटतो, ठशातली अक्षरं फाटतात. थंड आणि कोरडा असला की दांड्याचे थर नीट जुळत नाहीत. वडी त्या वेळी छान दिसते, पण न्हाणीत ओली-सुकी होऊ लागली की कडेने तडकते. किराणा दुकानातला तडा मला इथे सापडला. पॅनलवर तापमान दिसतं, तरी आमचे ऑपरेटर काका जाता-येता दांड्यावर अंगठा दाबून बघत. ‘आज अठ्ठावीस मिनिटांनी कुरकुर सुरू होणार,’ असं काही ते म्हणत नसत. एवढंच म्हणत, ‘मॅडम, मऊ यायला लागलाय, चिल्ड वॉटर बघायला सांगा.’ मी युटिलिटीला, म्हणजे यंत्रांना गार पाणी पुरवणाऱ्या विभागाला, फोन करायची. मग मीही अंगठा दाबून बघू लागले. पहिले काही आठवडे मला प्रत्येक दांडा सारखाच लागायचा. काका म्हणाले, ‘एका शिफ्टमध्ये शिकायचं नाही. ऋतू बदलताना बघा, तेव्हा कळतं.’ एप्रिल आला तेव्हा खरंच कळलं.

मग आकडे. आठ तासांच्या शिफ्टमध्ये मिनिटाला ३०० म्हणजे, लाईन एकदाही थांबली नाही तर, १,४४,००० वड्या. १०० ग्रॅमच्या वडीत एक ग्रॅम साबण जास्त गेला तर शिफ्टला १४४ किलो साबण फुकट वाटला जातो. कमी गेला तर कायदा उभा राहतो. वैध मापनशास्त्राचे आवेष्टित वस्तूंचे २०११ चे नियम आहेत. १०० ग्रॅमच्या एखाद्या वडीला ४.५ ग्रॅमपर्यंतच्या चुकीची मुभा आहे, पण नमुन्यांची सरासरी लिहिलेल्या वजनाखाली गेलेली चालत नाही. त्यात साबण पॅक झाल्यावरही वाळत राहतो, वजन उतरत राहतं. म्हणून क्वालिटीची मुलगी ठराविक वेळाने वड्या उचलून काट्यावर ठेवते आणि तक्त्यावर टिंब मांडते. मी त्या तक्त्याकडे आधी हजेरीपटासारखं बघत होते. नंतर लक्षात आलं की टिंबं हळूहळू खाली सरकायला लागली की बहुतेक वेळा प्लॉडरचं व्हॅक्यूम ढिलं पडलेलं असतं. साबणात हवा राहते, तेवढ्याच लांबीच्या तुकड्यात साबण कमी भरतो. कटरची लांबी वाढवून वजन लगेच जागेवर आणता येतं. व्हॅक्यूमची गळती शोधायची तर लाईन थांबवावी लागते. आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या तक्त्यापाशी मिळालं. साबण करायला इंजिनिअर लागतो तो या दोन वाटांतली कोणती कधी घ्यायची हे ठरवायला. हे कुठल्याही पेपरात विचारलं गेलं नव्हतं.

रोज सकाळी नऊला मीटिंग. बोर्डावर सगळ्यांत वर सुरक्षितता, खाली गुणवत्ता, मग खर्च, मग डिलिव्हरी. बोलणं डिलिव्हरीपासून सुरू व्हायचं. त्या मीटिंगमध्ये मी पहिल्यांदा ‘ओईई’ हा शब्द ऐकला. मशीन किती वेळ उपलब्ध होतं, चालू असताना किती वेगाने चाललं आणि निघालेला माल किती चांगला होता, या तीन टक्केवारींचा गुणाकार म्हणजे ओईई. ४८० मिनिटांच्या शिफ्टमध्ये लाईन ६० मिनिटं बंद राहिली तर उपलब्धता ८७.५ टक्के. ३०० ऐवजी २७० च्या वेगाने चालवली तर वेग ९० टक्के. शंभरातल्या ९८ वड्या चांगल्या निघाल्या तर गुणवत्ता ९८. तिन्ही आकडे शाळेच्या प्रगतिपुस्तकात असते तर कौतुक झालं असतं. गुणाकार येतो सुमारे ७७. सेइची नाकाजिमा या जपानी अभियंत्याने ‘टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स’ची पद्धत मांडताना ८५ टक्क्यांच्या आसपासचा आकडा उत्तम मानला होता, आणि आपल्याकडच्या कितीतरी कारखान्यांच्या भिंतींवर तोच ८५ लटकलेला असतो. हा गुणाकार मला मनापासून आवडतो. तो कोणालाच लपू देत नाही. पण तो एक गोष्ट सांगत नाही: ती ६० मिनिटं आपण निवडून थांबलो होतो, की मशीनने आपल्याला थांबवलं होतं?

माझा सगळा गोंधळ या प्रश्नाभोवती होता, हे आता मागे वळून बघताना दिसतं. फ्लोअरवर प्रत्येक जण मला एकतर ‘थांबवा’ म्हणत होता किंवा ‘चालवा’. ठसा अस्पष्ट दिसला की क्वालिटीवाले म्हणत थांबवा. बेअरिंगचा आवाज आला की मेंटेनन्सवाले म्हणत थांबवा. सेफ्टी ऑफिसर म्हणत, पायऱ्यांवर तेल सांडलंय, पुसेपर्यंत थांबवा. प्लॅनिंगवाले म्हणत, गाडी दारात उभी आहे, चालवा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर ‘चालवा’चा आवाज इतका मोठा व्हायचा, की बाकी काही ऐकूच यायचं नाही. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या धंद्यात विक्री महिनाअखेरीकडे कललेली असते आणि तो कल थेट आमच्या रोल मिलपर्यंत येऊन पोचतो. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर. त्यातलं कोणतं आत्ता, या मिनिटाला ऐकायचं, ते ठरवायला कंपनीने एक माणूस नेमला होता. तो माणूस मी होते, आणि हे मला कोणीही सांगितलेलं नव्हतं.

रंगांचंच घ्या. साबणाच्या लाईनवर रंग बदलताना फिकटाकडून गडदकडे जायचं असतं. आधी पांढरा, मग पिवळा, मग गुलाबी, शेवटी लाल किंवा हिरवा. पांढऱ्यानंतर पिवळा घेतला तर थोडा साबण वाहू देऊन भागतं. लालनंतर पांढरा घ्यायचा तर मिक्सरपासून प्लॉडरच्या तोंडापर्यंत सगळं खोलून खरवडावं लागतं. प्लॉडरचं तोंड उघडतात, मळसूत्र बाहेर काढतात, पितळी आणि प्लास्टिकच्या खरवडण्यांनी कोपऱ्यातला शेवटचा रंगीत कण काढतात, आणि तरीही पहिल्या काही वड्यांवर गुलाबी रेघ उमटतेच. शिगेओ शिंगो यांनी टोयोटामध्ये १००० टनी प्रेसचा साचा बदलायला लागणारा वेळ चार तासांवरून तीन मिनिटांवर आणला, हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. डाय बदलण्यात त्यांची युक्ती आम्हाला खूप उपयोगी पडली. पुढची डाय आधीच गार करून, बोल्ट मोजून, ट्रॉलीवर तयार ठेवायची. खरवडण्याच्या कामात मात्र युक्ती फार पुढे नेत नाही, तिथे हात लागतात. आणि मुंबईहून दुपारी मेल यायचा की हिरवा संपताच पांढरा घ्या, उत्तरेत माल संपलाय. एका ओळीचा तो मेल फ्लोअरवर पाच-सहा माणसांच्या अर्ध्या शिफ्टचं काम होऊन उतरायचा. मेल लिहिणारी माणसं हुशार होती, सज्जन होती. त्यांनी खरवडणं पाहिलेलं नव्हतं, एवढंच. माझ्या मते प्लॅनिंगमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी प्लॉडर खरवडायला उभं राहायला हवं.

माणसांचा हिशोब याहून अवघड. एकाच लाईनवर कंपनीचे कायम कामगार होते, ठेकेदाराचे कामगार होते आणि आयटीआय करून आलेली शिकाऊ मुलं होती. काम शेजारी-शेजारी, पगार तीन तऱ्हेचे. कायम कामगारांचे करार युनियन करायची. ठेकेदाराचा मुलगा तेच खोकं उचलायचा आणि पुढच्या महिन्यात आपण इथे असू का, हे त्याला माहीत नसायचं. कॅन्टीनमध्ये ताट एक, पण बसायच्या जागा न सांगता ठरलेल्या. ही रचना मी बदलू शकत नव्हते आणि तिच्याकडे काणाडोळाही करता येत नव्हता, कारण मशीनची खरी माहिती बहुतेकदा सगळ्यांत कमी पगार असलेल्याकडे असायची. तोच मशीनला दिवसभर हात लावत होता. रॅपरमध्ये कुठल्या कोपऱ्यात फिल्म आधी सुरकुतते, ते मला एका हेल्पर मुलाने दाखवलं. सकाळच्या मीटिंगमध्ये त्याला खुर्ची नव्हती.

हजेरीचं गणितही तसंच. चैत्र-वैशाखात आजूबाजूच्या गावांच्या जत्रा सुरू होतात. एका गावची जत्रा म्हणजे एका शिफ्टमधली निम्मी पॅकिंग गायब. उत्पादनाच्या तक्त्यात जत्रांचा रकाना नसतो. मी वहीच्या मागच्या पानावर गावं आणि तिथी लिहून ठेवू लागले, ऑपरेटर काकांना विचारून. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या साबणाचं काम तर गणपतीच्या आधीच सुरू करावं लागतं, म्हणजे सणाचा माल सणाच्या सुट्ट्यांशी भांडत तयार होतो. खंडेनवमीला मात्र कोणी ‘चालवा’ म्हणत नाही. मशीन पुसून, झेंडूची माळ घालून, पॅनलवर हळदकुंकू वाहून लाईन बंद ठेवली जाते. त्या बंदचा जाब नऊच्या मीटिंगमध्ये कोणी मागत नाही.

लाईन रात्रीही चालायची, आणि मी रात्रपाळी करू शकले ते कायद्यातल्या एका दुरुस्तीमुळे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करायला मनाई केली होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या आणि ने-आण करण्याच्या अटींवर ती वाट मोकळी केली. त्याच अधिनियमात आणखी एक कलम होतं: चालू यंत्राची साफसफाई, तेलपाणी किंवा जुळवाजुळव करताना इजा होण्याचा धोका असेल तर ते काम स्त्रीला द्यायचं नाही. वाचलं तेव्हा मला राग आला होता. पुरुषाचा हात चालला असता का? चालू यंत्रात कोणाचाच हात जाऊ नये.

हा राग मला एका रात्री कामी आला. एप्रिल होता. तिसरी शिफ्ट, म्हणजे रात्री अकरा ते सकाळी सात. तीनच्या सुमाराला मी पॅकिंगकडून रॅपरकडे येत होते. रॅपरचं पारदर्शक गार्ड अर्धं उघडं होतं, ऑपरेटर काकांचा हात आत होता, आणि मशीन चालू होतं. गार्ड उघडलं की मशीन थांबायला हवं, त्यासाठीच तिथे सेन्सर असतो. मी लाल बटण दाबलं.

रॅपर थांबला की मागचं सगळं थांबतं. स्टॅम्परमधून आलेल्या वड्या पट्ट्यावर एकमेकींवर चढल्या, त्याने स्टॅम्पर थांबवला, मग कटर, मग प्लॉडर. आवाज एकेक करत मावळला. काका माझ्याकडे बघत उभे राहिले. मी सेन्सरजवळ वाकून पाहिलं. गार्डवर बसवलेलं चुंबक समोर आल्यावर सेन्सरला दार बंद आहे असं कळतं. कोणीतरी तसंच दुसरं छोटं चुंबक थेट सेन्सरवर काळ्या टेपने चिकटवलं होतं. टेप ताजी नव्हती. कडा धुळीने मळलेल्या होत्या, म्हणजे ती कित्येक शिफ्ट तिथेच होती.

‘काका, बोट गेलं असतं.’

‘मॅडम, दर पाच मिनिटांनी वडी अडकतेय. गार्ड उघडलं की मशीन थांबतं, परत चालू करायला दोन मिनिटं जातात. सकाळी बोर्डावर रॅपरचं नाव वाचतात. माझ्या मशीनचं.’

त्यांच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. ते थकलेले होते. पंचवीसहून जास्त वर्षं त्यांनी या मशीनला दिलेली, आणि त्यांची नोंद त्या बोर्डावर फक्त गमावलेल्या मिनिटांत होत होती. मी टेप सोलली, चुंबक खिशात टाकलं आणि फिटर मामांना बोलावलं. लाईन लगेच सुरू करता आली असती. मी केली नाही. आम्ही तिघं रॅपरपासून उलटे चालत निघालो.

अडकलेल्या वड्या हातात घेतल्या तर कडा बोटाला चिकटत होत्या. स्टॅम्परपाशी डायवर साबणाचा पातळ थर. प्लॉडरच्या तोंडाशी दांड्याचं तापमान ४२ अंश. रोज आम्ही ३८ च्या आसपास चालवत होतो. पुढे युटिलिटी रूममध्ये चिल्ड वॉटर ८ ऐवजी १४ अंशांवर. चिलर पूर्ण ताकदीने धापा टाकत होता आणि पाणी गार होत नव्हतं. युटिलिटीच्या माणसाने लॉगबुक पुढे केलं. कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार साचलेले, ते धुऊन काढायचं काम मार्चमध्येच ठरलेलं. ‘उत्पादनाची गरज, पुढे ढकलले’ असा शेरा, खाली सही. पुढच्या तारखेसमोर पुन्हा तोच शेरा. थंडीत हे खपून गेलं असतं. एप्रिलच्या उन्हाने ते उघडं पाडलं.

म्हणजे कंडेन्सर धुवायला आठ तास द्यायचे नाहीत असं महिनाअखेरीला मीटिंगरूममध्ये ठरलं, आणि त्याची किंमत पहाटे तीनला रॅपरच्या आत एका माणसाचं बोट देऊ करत होतं. हे मला तिथे, त्या गरम खोलीत, लख्ख दिसलं. मला त्याचा संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. कुणी दुष्टपणे ते ठरवलं नव्हतं. शेरा मारणाऱ्याला त्या दिवशी गाडी भरायची होती, आणि चिलर तेव्हा चालू होता. चालू असलेली वस्तू थांबवायला मागणं फार अवघड असतं. बंद पडलेली दुरुस्त करायला कोणीही माणसं देतं.

उरलेली शिफ्ट आम्ही वेग उतरवून, मिनिटाला २२० वर चालवली. वेग कमी झाल्यावर रुळांत आणि प्लॉडरमध्ये साबण कमी तापला, अडकणं पुष्कळ उतरलं. गार्ड बंद, सेन्सर जागेवर. काकांनी प्रत्येक वेळी मशीन थांबवूनच हात घातला. काही न बोलता फिटर मामांनी रॅपरच्या तोंडाशी असलेला एक मार्गदर्शक पट्टा थोडा रुंद केला, त्याने आणखी थोडा आराम पडला.

नऊच्या मीटिंगमध्ये आकडा वाचला गेला तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मी चुंबक टेबलावर ठेवलं. मग काल रात्रीची साखळी कागदावर लिहून आणली होती ती वाचली: हात आत का गेला, वडी का अडकली, कडा का चिकटल्या, साबण का तापला, पाणी का गार नाही, नळ्या का धुतल्या नाहीत. शेवटच्या ‘का’ला खोलीत थोडा वेळ कोणी बोललं नाही. सेफ्टी ऑफिसरनी सगळ्या लाईन्सचे इंटरलॉक त्याच दिवशी तपासायला घेतले आणि इतर लाईन्सवरही अशाच काही टेपा निघाल्या. मेंटेनन्सचे प्रमुख म्हणाले, आठ तास द्या. प्लॅनिंगचे म्हणाले, या आठवड्यात शक्य नाही. फॅक्टरी मॅनेजरनी बराच वेळ कॅलेंडर बघितलं आणि रविवारी चार तास दिले. अर्ध्या नळ्या धुऊन झाल्या. पाणी १० अंशांवर आलं, दांडा ३९ वर.

काकांना मी एक गोष्ट विचारली: रात्री लाल बटण दाबलं तेव्हा राग आला का? म्हणाले, ‘आला. तुम्ही थांबवून निघून गेल्या असत्या तर राहिला असता.’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. त्यानंतर मी एक मागणी लावून धरली: बोर्डावर ‘रॅपर – ४० मिनिटं’ असं लिहायचं नाही, मूळ कारण जिथे असेल तिथल्या यंत्राचं नाव लिहायचं. ‘चिलर – ४० मिनिटं’ असं पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हा युटिलिटीवाले चिडले. त्यांचंही खरं होतं, त्यांनी तर बंद मागितलाच होता. मग आम्ही तिसरा रकाना काढला: ‘मागितलेला पण न दिलेला बंद’. हा रकाना ठेवायचा की नाही यावर अजून वाद चालू आहे. तो भरला की खोलीतल्या वरच्या माणसांपर्यंत बोट पोचतं.

उरलेल्या चार तासांची मागणी मी पुढच्या महिन्याच्या प्लॅनमध्येच लिहून पाठवली. रंगांच्या क्रमात, लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये, जिथे लाईन तशीही खरवडण्यासाठी उघडी असते. मुंबईहून प्लॅनिंगच्या मुलीचा फोन आला, ‘अगं, हे चार तास मी कुठून काढू?’ मी तिला म्हटलं, ये इकडे दोन दिवस, लालनंतरचा प्लॉडर उघडतात तेव्हाच ये, आपण मिळून काढू. ती पुढच्या बुधवारी येतेय. तिच्यासाठी सेफ्टी शूज मागवलेत, सहा नंबरचे.